राहिलेलं घर एक

आमच्या गावात पहिल्या मानाचं घर दुसऱ्या ओळीत गेलं, ते माझ्या हातून. कुणाच्या जमिनीला धक्का लागला नाही, कुणाचा माड दुसऱ्याच्या कुळागरात वाकला नाही. अक्षराची जाडी थोडी वाढली, एवढंच. पण संध्याकाळच्या आत ही बातमी कारापूरच्या तिठ्यापर्यंत पोचली, आणि तिथून परत येताना तिच्यात भर पडली होती : "सदाशिवबाबाच्या चेडवान गांवकारांचो मान काढलो."

सदाशिवबाब म्हणजे माझे बाबा, आणि त्यांचं चेडू, म्हणजे मुलगी, ती मी. ते श्रावणात गेले. खाणीवर सर्व्हेअर होते. निवृत्त झालेली माणसं पोफळींना पाणी घालतात, देवळाच्या पायरीवर बसून सरकारला सल्ला देतात. बाबांनी प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि 'पालखी' नावाचा एक प्रोग्राम लिहिला.

माघात देवाची पालखी आमच्या गावात घरोघर फिरते. बाबांच्या प्रोग्रामपूर्वी लोक पहाटेपासून तबक घेऊन दारात उभे राहत, आणि पालखी आली की नेमकं कुणीतरी आंघोळीला गेलेलं असे. बाबांनी त्यावर तोड काढली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खिडकी. तिच्यात प्रत्येक घराचं एक बटण, मानाच्या क्रमाने. देवळाच्या सभामंडपात बाबलीकाका माइक घेऊन बसतात. पालखीबरोबरचा माणूस फोन करतो की निघालो. बाबलीकाका त्या घराचं बटण दाबतात. छोटी चौकट विचारते, "पालखी पुढे गेली?" खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. 'हो' दाबलं की ते घर फिकट होतं, वर 'राहिलेली घरे' हा आकडा एकाने उतरतो आणि पुढच्या घराचं नाव मोठ्या अक्षरांत येतं. बाबलीकाका ते कर्ण्यावर वाचतात, "आता पालखी अमक्यांच्या दारात." ज्यांचं नाव आलं त्यांनी निरांजन लावायचं, पुढच्यांनी आंघोळ उरकून घ्यायची. बाबलीकाका पडद्यावर येईल ते वाचतात. स्वतःचा विचार मध्ये घालत नाहीत. म्हणूनच बाबांनी त्यांना निवडलं होतं.

बाबांचा कॉम्प्युटर त्यांच्या मागून थोड्याच दिवसांत गेला. वीज गडगडली, आतून करपल्याचा वास आला, संपलं. म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याने आतला प्रोग्राम तेवढा वाचवून पेनड्राइव्हवर दिला. देवस्थान समितीचे सचिव अनंतबाब सांत्वनाला आले आणि चहाबरोबर म्हणाले, "आता तो प्रोग्राम कित्याक गो, तनया? व्हॉट्सॲपाचो ग्रूप करूया. पालखी खंय पावली ती लोक घालतले."

आमच्या गावाच्या ग्रूपवर सकाळी उगवणारी गुलाबाची फुलं, औषधी काढे आणि हरवलेल्या म्हशी यांच्या गर्दीत देव कुठे सापडणार, हे मी त्यांना मर्यादा सांभाळून विचारलं. ते म्हणाले, "जाल्यार चलवन दाखय. पालखेआदल्या आयतारा समितीच्या मुखार. चलला ना, तर ग्रूप."

मी कॉलेजात इतिहास शिकवते. प्रोग्रामिंग मला बाबांनी जेवता जेवता सांगितलं तेवढंच येतं. पण बाबांच्या बाकीच्या वस्तू वाटून झाल्या होत्या. छत्री बाबलीकाकांकडे गेली, कोट मामाकडे, चष्मा नेत्रपेढीच्या डब्यात. हा प्रोग्राम वाटता येण्यासारखा नव्हता. एक तर तो चालायला हवा होता, नाही तर नसायला.

बाबा म्हणायचे, या भाषेत एकदा लिहिलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं. ते खरंच निघालं. माझ्या लॅपटॉपवर 'पालखी' पहिल्या फटक्यात चालू झाली. फक्त ती आमच्या गावाची वाटत नव्हती.

बाबांचं मशीन विंडोजचं, माझं मॅक. दोघांकडे देवनागरी अक्षरांचे फाँट वेगळे. बाबांनी सर्व्हेअरच्या सवयीने प्रत्येक बटण खुंटी ठोकल्यासारखं मोजून बसवलं होतं : डावीकडून इतकं, वरून इतकं, रुंदी इतकी. माझ्याकडचं अक्षर अंगाने भरलेलं. ते त्या रुंदीत मावेना. म्हणून मशीनने प्रत्येक नाव मध्येच तोडून पुढे तीन टिंबं ठेवली.

शेजारच्या कमलाक्षीकाकी आंबाड्याची भाजी घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून पाहत उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांच्या यजमानांचं नाव होतं, "विठ्ठल प…"

"उरलेलो परब खंय?" त्यांनी विचारलं.

"मावला नाही, काकी."

"आणि ही टिकलां कसलीं?"

"नाव पुढे आहे, असं ती सांगतात."

"पुढे खंय? घोव माझो घरात बसान पेज जेवता." त्यांनी भाजी माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. "नाव अर्धां केलेलां बरां न्हय गो बाय. बापूस तुजो असां करी नासलो."

ते वाक्य मला त्या आठवड्यात पुष्कळ वेळा ऐकायला मिळणार होतं. कौरवांपासून पोर्तुगीजांपर्यंत सगळ्यांची भांडणं मी मुलांना शिकवते. कोण कुठे बसला यावरून राज्यं गेली हे मला पाठ आहे. तरीही मी पुढची चूक केली. खुंट्या उपटल्या. बटणांना सांगितलं की आपापल्या नावाच्या मापाने रुंद व्हा, आणि ओळ भरली की खालच्या ओळीत जा. प्रोग्रामिंगच्या पुस्तकात लिहिलं होतं की शहाणी माणसं असंच करतात.

पुस्तक लिहिणाऱ्याला आमचा गाव माहीत नव्हता. लांब नावाच्या शेट्यांचं बटण दिवाणखान्याएवढं झालं. आखूड नावाचे नाईक देवळीत सरकले. आणि पहिल्या मानाचे गांवकार? त्यांच्या बटणावर बाबांनी पूर्ण बिरुदावली लिहिली होती. ती पहिल्या ओळीत उरलेल्या जागेत बसेना, म्हणून मशीनने त्यांना अदबीने खाली नेऊन सोडलं. वरच्या ओळीत आता फक्त देवळाचं नाव आणि बराचसा मोकळा वारा होता. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. कमलाक्षीकाकींना वाटलं. त्या फोन करायला घरी गेल्या.

शंभू गांवकार दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पालखीचे मुख्य मानकरी. पायरीवर चपला काढल्या, खुर्चीवर बसले, चहाला नको म्हणाले. आमच्याकडे चहाला नको म्हणणं ही कोर्टाच्या नोटिशीच्या अलीकडची पायरी आहे.

"काका, कुणीही मुद्दाम केलं नाही," मी म्हणाले. "या मशीनवरचं अक्षर जरा जाड आहे. म्हणून बटण खाली गेलं."

"अक्षर जाड जालां म्हणान मनीस फाटी वता?"

"मनीस नाही, बटण."

"बटणार नाव कोणाचां?"

आतून आई आली आणि चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. शंभूकाकांनी कपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चहा घेतला. जाताना म्हणाले, "वयनी, चेडवाक सांग. सदाशिवान जंय खुंटी मारली, थंय ती आसूं दी. तो मापान मारतालो."

त्यांना मापं कळत होती असं नाही. पण मी त्या दिवशी ठरवलं. गावाला बाबांची खिडकी हवी होती, माझी सुधारलेली नको होती. मी सगळ्या खुंट्या जिथल्या तिथे ठोकल्या. बाबांच्या मशीनमधल्या अक्षराशी माप जुळणारा, मोकळेपणाने वापरता येणारा एक बारीक फाँट शोधला. नावं बटणांत मावली. गांवकार वर गेले, शेटये आवरले, विठ्ठल परब पुन्हा पूर्ण झाले. माझ्या पडद्यावर फक्त शेवटची ओळ दिसत नव्हती. बाबांचा मॉनिटर जुना, चौकोनी आणि उंच होता. हल्लीचे सगळे पडदे रुंद आणि बुटके. शेवटच्या ओळीत एकच बटण, आमच्या घराचं. आमचं घर देवळासमोरच, मैदान ओलांडलं की. पालखी फिरून परत येते तेव्हा सगळ्यांत शेवटी आमच्याकडे थांबते.

यंदा ती थांबणार नव्हती. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत पालखी घ्यायची नाही, असा आमच्याकडे नेम. मी अनंतबाबांना तसं सांगितलंही होतं. नावांच्या यादीतून बाबांचं नाव आता मी काढायला हवं होतं. ते काम मी शेवटी ठेवलं. आणि बटण दिसतच नव्हतं, त्यामुळे ते झाल्यासारखंही वाटत होतं.

मग देवळाचा कॉम्प्युटर. तो कुणा भक्ताने दान केलेला, त्यावर लिनक्स. म्हणजे माझ्या मशीनवर जमवलेलं सगळं तिथे नव्याने बिघडणार, हे मला कळून चुकलं होतं. नवा फाँट बसवायला पासवर्ड लागत होता. तो पासवर्ड हा कॉम्प्युटर लावून देणाऱ्या गावातल्या प्रथमेशकडे होता आणि प्रथमेश तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, त्या वेळी कुठल्याशा समुद्रात. बोट धक्क्याला लागली की त्याचा फोन लागणार.

"पासवर्डाक समितीची मंजुरी जाय," अनंतबाब म्हणाले.

"पासवर्ड प्रथमेशकडे आहे, समितीकडे नाही."

"म्हणान तर. समितीकडेन नासलेल्या वस्तूक मंजुरी कशी दिवची, तो प्रश्न आसा."

त्यासाठी सभा झाली. सभेत हा विषय 'देवस्थानाच्या यंत्रावर अक्षरे बसविणे' असा घेतला गेला आणि एका वयस्क सभासदाने अक्षरं पितळेची हवीत असं सुचवलं. बाबलीकाका म्हणाले, पितळ काळं पडतं. त्यावर चर्चा झाली. शेवटी ठराव झाला. चार दिवसांनी प्रथमेशचा आवाजी निरोप आला. त्यात पासवर्ड होता आणि भरपूर वारा होता. मी, बाबलीकाका आणि अनंतबाब, तिघांनी तो डोक्याला डोकं लावून ऐकला. अनंतबाबांना 'शांतादुर्गा' ऐकू आलं, बाबलीकाकांना 'शांताराम'. निघालं ते त्याच्या सासुरवाडीच्या गावाचं नाव. पण माझी अक्षरं बसली.

रविवारी समितीसमोर चाचणी. सभामंडपात भिंतीवरच्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला होता. सगळी घरं आपापल्या जागी होती. शंभूकाका पहिल्या ओळीकडे पाहून बसले आणि बसल्यावरही तिकडेच पाहत राहिले. बाबलीकाकांनी घसा साफ करून गांवकारांचं बटण दाबलं. चौकट उघडली, "पालखी पुढे गेली?" त्यांनी सवयीने डावं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पालखी गांवकारांच्याच दारात.

"अडकली," बाबलीकाका माइकवर म्हणाले.

"अडकूं दी," शंभूकाका म्हणाले. त्यांचा राग उतरत होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. बाबांच्या मशीनवर 'हो' डावीकडे असे आणि 'नाही' उजवीकडे. हे मशीन आपल्या घरच्या रीतीने 'नाही' आधी ठेवत होतं. प्रत्येक घराण्याची ताट वाढायची पद्धत वेगळी असते. कुणी मीठ डावीकडे वाढतं, कुणी उजवीकडे. हे मी समितीला समजावलं. समितीने मीठ कुठे वाढतात यावर थोडा वेळ घेतला.

"काका, आता उजवं दाबायचं," मी बाबलीकाकांना म्हटलं.

"इतकीं वर्सां दावें म्हणजे हो," ते म्हणाले. "आता उजव्याक हो म्हणूंक माजो हात आयकना. वाचूं म्हणशी, तर चौकट वाचपाचां काम तुजो बापूस माका दिवंक नासलो. नावां वाचपाचां दिल्लां."

प्रत्येकाकडे उपाय होता. अनंतबाबांनी 'नाही' हे बटणच काढून टाका म्हणून सांगितलं, कारण देवाच्या कामात नाही म्हणायचंच कशाला. कमलाक्षीकाकींनी देव्हाऱ्यातलं कुंकू आणून टीव्हीवर 'हो'च्या जागी बोट टेकवलं. खूण दिसायला झकास दिसली. पण त्या मशीनवर चौकट दर वेळी नव्या जागी उघडायची. पुढच्या खेपेला कुंकू शेट्यांच्या नावावर आलं. शेट्यांनी हात जोडले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं; त्यांना तो कौल वाटला. मी टीव्ही पुसायला निघाले तर त्यांनी पुसू दिला नाही.

अनंतबाबांनी फोन बाहेर काढला. "ग्रूप करतां मगे. नाव कितें घालूं?"

"थांबा," मी म्हणाले. "जेवण होऊन या. तोवर मी करते."

"तुजां जेवण?"

"मला नको."

मशीनची रीत डावलून बटणं आपल्या क्रमाने कशी लावायची, हे एका परक्या माणसाने दुसऱ्या परक्या माणसाला कुठेतरी लिहून दिलेलं मला सापडलं. ते थोडं उद्धट होतं, पण बरोबर होतं. 'हो' डावीकडे आणलं. चौकट खिडकीच्या मधोमध बांधून टाकली. समिती जेवून, पान खाऊन परतली तेव्हा बाबलीकाकांनी डावं दाबलं आणि पालखी गांवकारांच्या दारातून निघाली.

प्रत्येक सभासदाला आपलं घर येईपर्यंत पाहायचं होतं. आपलं झालं की तो उठे. अनंतबाबांचं घर झाल्यावर त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चाचणी संमत झाल्याचं जाहीर केलं. शेवटपर्यंत कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

पालखीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मी बाबलीकाकांच्या शेजारी बसले होते. समोर मैदान, मैदानापलीकडे आमचं अंगण. आई आत होती. दार अर्धं लोटलेलं. अंगणात रांगोळी नव्हती.

प्रोग्रामने सकाळपासून एकही चूक केली नाही. नाव येई, बाबलीकाका वाचत, लांब कुठेतरी ढोल-ताशे हलत. शेट्यांकडे पालखी पोचली तेव्हा कुंकवाचा टिळा पुन्हा त्यांच्याच नावावर होता. दुपार कलली. पालखी शेवटचं घर करून देवळाकडे वळली. ढोल मैदानाच्या कडेला ऐकू येऊ लागले. फोन आला. बाबलीकाकांनी परबांचं बटण दाबलं, डावं दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं. ते माझ्या ध्यानात येईपर्यंत बाबलीकाकांनी ते कर्ण्यावर वाचलंही होतं.

"आता पालखी सदाशिव गावस यांच्या दारात."

ढोल थांबले. पालखी मैदानाच्या मधोमध उभी राहिली. वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'राहिलेली घरे : १'.

"काका, ते नाव काढायचं राहिलं," मी म्हणाले. माइक चालू होता. हे वाक्य सगळ्या गावाने ऐकलं.

अनंतबाब धावत आले. "कितें केलां रे बाबली? त्यांचां वर्स जावंक ना."

"माका कितें सांगता? पडद्यार आयलां, वाचलां. एक घर उरलां म्हणता."

"खंय आसा तां घर? बटण खंय आसा?"

बटण पडद्यावर नव्हतं. समितीने ते टीव्हीच्या मागेही पाहिलं. मैदानात भोयांनी खांदा बदलला. एकाने ओरडून विचारलं, फिरायचं की नाही. कुणी म्हणालं, नेम म्हणजे नेम. कुणी म्हणालं, कर्ण्यावर नाव घेतलेलं घर सोडून पालखी देवळात नेली तर त्याचा दोष कुणाच्या माथी. सगळ्यांनी बाबलीकाकांकडे पाहिलं. बाबलीकाकांनी माइक माझ्या बाजूला सरकवला.

शंभू गांवकार पालखीच्या पुढे होते. काठी टेकून त्यांनी दोन्ही बाजूंचं पुरेसं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नेम कितें? वर्साच्या आत घरच्यांनी देवाक आपवचो न्हय. बरोबर?"

"बरोबर," अनंतबाब म्हणाले.

"हांणी आपयलां?"

"ना."

"देवान आपणें वचचां न्हय असो नेम खंय आसा, तो सांग माका."

घरच्यांनी बोलवायचं नाही हे खरं, पण देवाने आपणहून जायचं नाही असा नेम कुणालाच आठवेना. आमच्या गावात एखादा नेम कुणालाच आठवत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. शंभूकाकांनी काठी उचलली आणि आमच्या अंगणाच्या दिशेने चालायला लागले. पालखी त्यांच्या मागून निघाली.

कमलाक्षीकाकी त्यांच्याही पुढे पळत होत्या, हातात त्यांच्याच घरचं तबक. निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरलेला. आमचं दार उघडलं. आई घरातल्या साध्या लुगड्यात बाहेर आली, केस नीट न बांधलेले. तिने तबक घेतलं. ओवाळायला लागण्यापूर्वी ती क्षणभर डावीकडे सरकली. दर वर्षी तिच्या उजव्या हाताला बाबा उभे राहत.

मी कीबोर्डवरची ऑल्ट दाबून धरली आणि माउसने अख्खी खिडकी वर ओढली. गांवकार, शेटये, परब, सगळे पडद्याच्या वरून बाहेर गेले. कुणी हरकत घेतली नाही. खाली शेवटची ओळ वर आली. तिच्यात एकच बटण होतं, बाकीच्यांच्याच मापाचं, पूर्ण नावाचं. मी ते दाबलं.

"पालखी पुढे गेली?" चौकटीने विचारलं.

बाबलीकाकांचा हात सवयीने पुढे आला, डाव्या बटणाकडे. मी माउसवर हात ठेवला.

"थांबा, काका," मी म्हणाले. "अजून आहे."